नळ आमचा, पाणी महापालिकेचं

माणसाच्या घरी गेल्यावर लोक आधी माणसाकडे बघतात. नळकाका आधी बेसिनकडे बघतात. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत ते चपला काढून मोरीच्या दारात पोचलेले असतात आणि आतून 'टक्' असा आवाज आलेला असतो. नळ उघडून बंद केल्याचा. मग बाहेर येऊन सोफ्यावर टेकतात आणि तेव्हा कुठे विचारतात, "काय, बरं आहे ना सगळं?" हा प्रश्न घरच्या माणसांबद्दल आहे असा कुणीही समज करून घेऊ नये.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या बोर्डावर मेंटेनन्स थकलेल्यांच्या यादीत कधीच नसतं, त्यामुळे ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. पोरांनी 'नळकाका' नाव ठेवलं, थोरांनी ते उचललं आणि खुद्द काकांना ते इतकं आवडलं की हल्ली फोन लावला की पलीकडून "हां, नळकाका बोलतोय" असंच येतं. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची चार मजली इमारत. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी वसईला, वालीवच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. एका गाळ्यात प्लास्टिकची बुचं, शेजारच्यात पेनांचे भाग, त्याच्या पलीकडे पत्र्यावर ठोकाठोक. काकांच्या कंपनीकडे तीन गाळे आहेत, मधल्या भिंती फोडून एक केलेले. तिथे पितळेचे नळ होतात.

काका टेस्टिंगला आहेत. ओतून, कातून, बफिंग होऊन, निकेल-क्रोमचा मुलामा चढून तयार झालेला एकेक नळ त्यांच्या टेबलावर येतो. तो शिकंज्यात पकडायचा, पाण्यात बुडवायचा, आत हवेचा दाब सोडायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की नळ नापास. इतकंच काम. पण हे इतकंच काम काका वीसेक वर्षं अशा चेहऱ्यानं करत आले आहेत की पाहणाऱ्याला वाटावं, आत बोर्डाची परीक्षा चालू आहे. "एक बुडबुडा सोडला," ते म्हणतात, "तर कुठेतरी एक बाई रात्रभर टप-टप ऐकत जागी राहणार." ही बाई कोण, कुठली, हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही. पण ती त्यांच्या डोळ्यांपुढे सदैव असते, आणि तिला झोप लागावी म्हणून काका दिवसभर पाण्यात बघतात.

लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत हात धुण्याची जागा बघून आलेले असतात. वधूवरांना पाकीट देताना चेहरा समाधानी असेल तर समजावं, हॉलचे नळ यांच्या कंपनीचे आहेत. जीवदानीला हजारावर पायऱ्या चढून गेले, देवीपुढे हात जोडले आणि उतरताना पाणपोईच्या नळाची मूठ सैल झालीय म्हणून खिशातला पाना काढून आवळून आले. दर्शनाला पाना घेऊन जाणारा दुसरा भाविक माझ्या माहितीत नाही. एकदा त्यांना घेऊन आम्ही वसईचा किल्ला बघायला गेलो. चिमाजी अप्पा, 1739, पोर्तुगीजांचा पाडाव, हे सगळं मी उत्साहानं सांगत होतो. काका एका विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाण्याची सोय केली होती बरं का लोकांनी."

त्यांच्या आवडीचा विषय म्हणजे नळाच्या आतली चकती. पाहुणा नवा असेल तर त्याची यातून सुटका नाही. जुन्या नळात रबराचा वायसर असायचा. तो झिजला की नळ गळायचा, गळतो म्हणून आपण आणखी जोरात पिळायचो आणि पिळल्यामुळे वायसर आणखी झिजायचा. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात. दोघींना भोकं. भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, सरकलं की बंद. पाव फेरा पुरतो. हे प्रात्यक्षिकासकट समजावण्यासाठी काका चहाच्या बशीतली दोन मारी बिस्किटं उचलतात, टूथपिकनं त्यांना भोकं पाडतात, एकमेकांवर ठेवून फिरवतात आणि डोळ्यांपुढे धरून "बघा, बघा, दिसतंय का पलीकडचं?" असं विचारतात. दिसतं. पलीकडे काकांचा डोळा दिसतो. मग ते प्रात्यक्षिक चहात बुडवून खाऊन टाकतात.

असा हा माणूस राहतो कुठे, तर विरारला. म्हणजे जिथे नळ ही वस्तू निरनिराळ्या कामांना येते. टॉवेल अडकवायला, गणपतीच्या दिवसांत हार अडकवायला, लहान मुलाला "हे बघ चकचकीत" म्हणून दाखवायला. पाणी येतं, नाही असं नाही. येण्याची वेळ ठरलेली असते आणि ती वेळ पाण्याला कळवायची राहिलेली असते. उरलेल्या दिवसात टँकर. 2009 साली चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, माणसं तर त्याआधीपासूनच लोकलच्या दारातून उतरत होती आणि अजून उतरताहेत. सूर्या प्रकल्पाची मोठी योजना आली, दिवसाला 403 दशलक्ष लिटरची, त्यातलं 185 दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि बाकीचं मीरा-भाईंदरला. हे आकडे आमच्या इमारतीत बायकामुलांनाही पाठ आहेत. पाढे जसे पाठ असतात तसे, म्हणजे उपयोगाचा प्रश्न न विचारता.

मी एकदा काकांना छेडलंच. "काका, तुमचा नळ उत्तम आहे, पण त्यातून येतं काय?"

"फिरवून बघा ना. कसा फिरतो?"

"फिरतो छान. पाणी कुठाय?"

"ते महापालिकेचं खातं," काका शांतपणे म्हणाले. "नळ आमचा."

हे 'आमचा' ते मोठ्या डौलात म्हणतात. कंपनीत त्यांचा एक रुपयाचा शेअर नाही. शेअर असण्यासारखी ती कंपनीच नाही, शेठचं घरचं दुकान आहे. तरी काकांच्या बोलण्यात 'आम्ही यंदा नवा मॉडेल काढला', 'आम्ही जामनगरच्या पितळवाल्यांना ऐकलं नाही', 'आमच्यात हलका माल चालत नाही'. एकदा तर म्हणाले, "आमच्यात हँडल उजवीकडे फिरतं," आणि समोरचे गृहस्थ सोयरिकीच्या गोष्टी करायला आले होते, ते जरा गोंधळले.

नळाची आणि विरारच्या पाण्याची कुंडली जमत नाही हे काकांचं खरं दुःख. चकत्या कठीण असतात, सहजी झिजत नाहीत. पण टँकरच्या पाण्यातून रेतीचा बारीक कण आला की त्यांच्यावर ओरखडा उठतो. बोअरच्या पाण्यातले क्षार साचले की नळ जड होतो, तोंडाशी पांढरं पुट धरतं. मग घरोघरच्या कामवाल्या बाया तो तारेच्या घासणीनं घासतात, वर ॲसिड टाकतात आणि क्रोम उडवून लावतात. ॲसिडची बाटली मोरीत दिसली की काका गप्प होतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी फुलं पाठवतात, काका पाठवतात, 'कृपया नळ मऊ फडक्याने पुसावा.' कंपनीच्या वॉरंटी कार्डावर अगदी बारीक टायपात लिहिलंय की खाऱ्या पाण्यानं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. विरारमध्ये याचा अर्थ काहीच भरून मिळणार नाही. पण आमच्या इमारतीत ते कार्ड कुणी वाचत नाही, कारण रविवारी काका स्वतःच घरोघर फिरून जड झालेले नळ खोलतात, चकत्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात आणि पैसे विचारले तर रागावतात.

त्यांच्याच खात्यात अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातला मुलगा आहे. पश्चिम पट्ट्यातला, घरी वाडी, केळी, पानवेली, विहीर आणि शेजारी बावखल. वसईच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं खोदीव तळं, पावसाचं पाणी मुरवणारं. पूर्वी गावागावांत ती होती, अनेक बुजली. त्या मुलाकडे अजून एक आहे. तो दिवसभर नळ जोडतो आणि घरी जाऊन विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करतो. काकांना त्याचं फार आश्चर्य वाटतं. "पाणी आहे आणि नळ नाही," ते मला म्हणाले, "आणि आमच्याकडे बघा!" नियतीनं दोघांमध्ये माल चुकीचा वाटला, असं त्यांचं म्हणणं.

काकूंचं मत वेगळं आहे. काकांच्या घरात स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर कंपनीचा सगळ्यात भारी नळ बसवलाय, मान लांब, राजहंसी. त्याच्याखाली कुणी भांडं धरलेलं मी पाहिलेलं नाही. काकू पाणी घेतात ते बाजूच्या निळ्या पिंपातून. पिंपाला खाली भोक पाडून हार्डवेअरच्या दुकानातला पाच-पन्नास रुपयांचा प्लास्टिकचा नळ ठोकलेला आहे, आणि सांगायला वाईट वाटतं, पण तो गळत नाही. काका त्या नळाकडे बघतच नाहीत. पाणी प्यायचं झालं तर काकूंना मागतात. "तुमच्या नळाची आरती करा," काकू म्हणतात, "मी स्वयंपाक करते."

आता हे सगळं हसण्यावारी नेता येतं आणि आम्ही नेतोही. पण काकांच्या वडिलांची गोष्ट कळल्यापासून माझं हसणं थोडं कमी झालंय. वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. साचेवाल्यांची एक सवय असायची, म्हणे. लग्नाकार्यात कुणाच्या धोतराचा, सदऱ्याचा काठ चिमटीत धरून बघायचा आणि सांगायचं, "हा आमच्या गिरणीचा." काठ धरलेला माणूस ओळखीचा असायलाच हवा असं नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. साठावर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते डॉक्टर दत्ता सामंत. तो संप मागे घेतल्याचं अजून कुणी जाहीर केलेलं नाही, असं गिरणगावातले जुने लोक हसत सांगतात, पण गिरण्या काही पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. खोली विकून अनेक घरं नालासोपारा-विरारला आली, तशीच काकांची आली. वडील शेवटपर्यंत बाजारातलं कापड चिमटीत धरून बघत. फक्त पुढचं वाक्य बोलत नसत. आणि पोरगा कामाला लागला तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं: हात लाव, जीव लावू नकोस.

पोरगा नेमका जीव लावून बसला.

काकांच्यात आणि माझ्यात रोज संध्याकाळी गॅलरीत या विषयावर वाद व्हायचा. माझं म्हणणं वडिलांसारखंच होतं. मी विमा कंपनीत चर्चगेटला. आमचा माल हातात घेऊन वजन करता येत नाही, पाण्यात बुडवून बघता येत नाही. आमच्या पॉलिसीवर माझं प्रेम आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारणाऱ्याची प्रकृती विचारीन. माझ्या घरात कंपनीची एकच पॉलिसी आहे, तीही मार्चअखेरीस टार्गेटला एक कमी पडत होती म्हणून काढलेली. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मालाडला आयटीत. त्याच्या कंपनीचं कसलंसं ॲप आहे. त्या ॲपवर पोरांचा जीव बसावा म्हणून दर शुक्रवारी ऑफिसात केक कापतात. मी त्याला म्हटलं, "अरे, दाखव तरी तुझं ॲप." तर म्हणे, "काका, मोबाइलमध्ये जागा नव्हती, काढून टाकलं."

मग उरतं कोण? इतिहासात गेलं तर जीव लावणारे मालकच जास्त भेटतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणत होते की लोखंडानं जमीन विषारी होते. पहिले पाच-सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडावर जीव असल्याशिवाय माणूस दोन वर्षं न खपलेले नांगर उराशी धरून बसत नाही. पुढे त्याच कारखान्यातून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, कारखान्याची बातमी आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. त्या खबरीचं मासिक झालं आणि मराठी घरांत कथा-लेख वाचायला ज्यांची वाट बघितली जाई अशांपैकी एक झालं. नांगर विकायला निघालेल्या कागदावर वाङ्मय उगवलं. आमच्या विमा कंपनीच्या गृहपत्रिकेत मॅनेजिंग डायरेक्टरांचे फोटो उगवतात.

बजाजची गोष्ट तर अगदी अलीकडची. 2009 च्या डिसेंबरात राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करायचा निर्णय जाहीर केला. धंद्याच्या हिशेबानं मोटरसायकलवर लक्ष द्यायचं म्हणून. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटलं हे जाहीरपणे सांगितलं. कोट्यवधींचा मालक, स्वतःच्या मुलाचा निर्णय, आणि तरी वाईट वाटतं. ज्या चेतकवर निम्म्या महाराष्ट्रानं बायको मागे आणि पोर पुढे उभं करून संसार केला, ती तर त्याआधीच बंद झाली होती, आणि तेव्हा पुण्या-आकुर्डीच्या कामगारांना काय वाटलं हे कुणी विचारायला गेलं नाही. राजीव बजाज यांच्या त्या निर्णयानंतर दहा वर्षांनी चेतक परत आली, विजेवर चालणारी. काकांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "बघा. माल परत येतो. माणसं परत घेतात का?" हे वाक्य माझ्या बाजूचं होतं की त्यांच्या, ते अजून ठरलेलं नाही.

आणि वास. विलेपार्ल्याला 1929 मध्ये सुरू झालेला बिस्किटांचा कारखाना होता. विरार लोकलनं जाता-येता दारात उभ्या असलेल्यांना स्टेशनचं नाव वाचावं लागत नसे, भाजणीचा गोड वास आला की पार्लं. 2016 मध्ये तो कारखाना बंद झाला. आमच्या डब्यातल्या लोकांचं त्या कंपनीशी चहात बुडवण्यापलीकडे काही नातं नव्हतं, पण पुढचे कित्येक दिवस पार्लं आलं की दारातली माणसं सवयीनं नाक वर करत. गिऱ्हाइकाचा जीव असा फुकटात अडकतो, मग रोज भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्यानं तो आवरून धरायचा म्हणजे अवघडच.

तर गेल्या वर्षी शेठच्या कंपनीत छोटे शेठ आले. परदेशात शिकून. त्यांनी दसऱ्याला मशीनची पूजा झाल्यावर, झेंडूच्या माळा घातलेल्या लेथसमोर उभं राहून भाषण केलं. "आपण कंपनी नाही, फॅमिली आहोत. प्रत्येकानं नळावर प्रेम करा. मालकासारखा विचार करा." सगळ्यांना टी-शर्ट वाटले. फॅमिलीतले निम्मे लोक कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहेत, त्यांचे टी-शर्ट कंत्राटदाराकडून येणार होते, ते अजून यायचेत. काका घरी आले ते जरा नाराजच. वीस वर्षं न सांगता जे चाललं होतं, ते आता टी-शर्टवर छापून अंगात घालायचं म्हणजे काय? माणूस बायकोवर प्रेम करतो, पण सोसायटीच्या सेक्रेटरीनं परिपत्रक काढून 'बायकोवर प्रेम करावे' असं कळवलं तर त्याला कसं वाटेल?

मग नवा मॉडेल आला. दिसायला झकास. पण काकांनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. हलका. अंगाचं पितळ पातळ केलेलं, मूठ जस्ताच्या मिश्रणाची, वर क्रोम मात्र आरशासारखं. त्यांनी तो पाण्यात बुडवला, हवा सोडली. बुडबुडा नाही. दुसरा घेतला, बुडबुडा नाही. सगळा लॉट पास. काकांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड दिवस. कारण नळ आज गळत नव्हता. तो गळणार होता दोन-तीन वर्षांनी, जेव्हा एखादा प्लंबर पाना लावून जोर देईल आणि आट्यांपाशी पातळ पितळ तडकेल. दोन-तीन वर्षांनंतरचा बुडबुडा दाखवणारी टाकी वालीवला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये छोटे शेठनी पुन्हा "मालकासारखा विचार" काढला तेव्हा काका उठून उभे राहिले. म्हणाले, "मी केला. मालकासारखा विचार केला तर मला मालकाला एक विचारायचंय. पितळ कुठे गेलं?"

लेथसुद्धा गप्प झाले, असं काका सांगतात. मला वाटतं ते मीटिंगसाठी आधीच बंद केलेले असावेत. मोठे शेठ हसले, म्हणाले, "अरे, काका को चाय पिलाओ." चहा आला. पितळ आलं नाही.

यानंतर काकांनी जे केलं ते कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात बसत नाही. तळमजल्यावरच्या वहिनींनी मोरी नव्यानं करायला काढली. काकांना स्टाफच्या भावात माल मिळतो हे जगजाहीर. वहिनी म्हणाल्या, "काका, सहा नळ आणून द्या ना तुमच्यातले." काका लाल झाले. जिन्याकडे बघितलं, कुणी नाही असं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "यंदाचे नका घेऊ."

वहिनींना वाटलं काका आजारी आहेत.

त्याच संध्याकाळी काका मला घेऊन नालासोपाऱ्याला गेले. तिथल्या एका हार्डवेअरवाल्याकडे जुना लॉट पडून असल्याची त्यांना खबर होती. दुकानदारानं खोकी काढली. काकांनी एकेक नळ तळहातावर घेतला, डोळे मिटले, हात दोनदा वरखाली केला आणि बाजूला ठेवला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघायला लागलो. दोन नळांबद्दल शंका राहिली तेव्हा काका ते घेऊन शेजारच्या भाजीवालीकडे गेले. तिनं कोथिंबीर बाजूला सारून काट्यावर नळ ठेवला, वजन वाचलं आणि सवयीनं विचारलं, "आणखी काय देऊ?" काकांनी अर्धा किलो भेंडीही घेतली. वजनाची खात्री पटली की त्यांचा हात सैल सुटतो.

सहाही नळ जुने, जड. वहिनींनी स्टाफचा भाव सोडून दुकानाचा भाव मोजला. काकांनी आपल्याच कंपनीच्या मालाविरुद्ध आपल्याच कंपनीचा माल विकून दाखवला.

बातमी फुटायची ती फुटलीच. वसई-विरारमध्ये पाणी पोचायला वेळ लागतो, बातमीला नाही. सेल्सच्या पोरानं वर कळवलं. छोटे शेठनी केबिनमध्ये बोलावून नीटच विचारलं, ओरडले नाहीत, "काका, तुमचा पगार कोण देतं?"

"पगार तुम्ही देता," काका म्हणाले. "पण नळ गळला तर माझ्या बिल्डिंगीत तुमच्या नावानं कुणी ओरडत नाही. माझं दार वाजवतात."

हे ऐकल्यावर मी गॅलरीतला वाद थांबवला. काकांचं कंपनीवर प्रेम आहे असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो, ते चूकच. कंपनी म्हणजे शेठ, छोटे शेठ, टी-शर्ट, दसऱ्याचं भाषण. यातल्या कशावरही काकांचा विशेष लोभ नाही. त्यांचा जीव त्या वस्तूवर आहे आणि रात्री टप-टप ऐकत जागं राहणाऱ्या त्या बाईवर. वडिलांची सूचना त्यांनी जवळजवळ पाळली म्हणायची. नोकरानं मालावर जीव लावावा की नाही हे मालकांनी ठरवूच नये. तो लावला तर त्याचं पहिलं बिल त्यांच्याच नावानं फाटतं.

काका अजून टेस्टिंगलाच आहेत. काढलं नाही, कारण त्यांच्याइतकं पाण्यात बघत बसणारा दुसरा माणूस मिळेना. नव्या मॉडेलची मूठ पुन्हा पितळेची करण्याबद्दल विचार चालू आहे, असं काका सांगतात. हा विचार शेठ करताहेत की काका, ते स्पष्ट नाही. टी-शर्ट काकूंनी ओट्याखालचे नळ पुसायला घेतला. मऊ आहे.

तुमच्याकडे नळ बदलायचा असेल तर दुकानात जाण्याआधी काकांना विचारा. कुठल्या कंपनीचा घ्यावा हे ते सांगणार नाहीत, हातात घेऊन वजन बघा म्हणतील. रविवारी घरीच असतात. सकाळी सात ते आठ मात्र जाऊ नका, तेव्हा पाणी यायची शक्यता असते आणि काका पिंपं भरत असतात.